कोहळ्यावरची पहिली सुरी

भाजी सोलायचं, चिरायचं किंवा किसायचं एखादं नवं यंत्र दिसलं की छबूमावशी भर रस्त्यात थांबतात. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून थकतो आणि मी त्यांचा दंड धरून ओढत असते. नगरच्या सावेडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या तळमजल्यावर राहतात, मी त्यांच्या समोरच्या दारात. त्या सांडगे, कुरडया, पापड करून विकतात. मी त्यांच्या हाताखाली काम करते, म्हणजे कामापेक्षा बोलणी जास्त खाते.

मावशी मूळच्या पाथर्डीकडच्या. नवरा गेला तेव्हा त्यांचा करण रांगत होता. त्यांनी लोकांच्या रानात खुरपलं, काही हंगाम ऊसतोडीला गेल्या, पोराला शिकवलं. करण आता एका कंपनीत सुपरवायझर आहे. आई आता घरात बसून आराम करेल अशा समजुतीने त्याने हा फ्लॅट घेतला. ती समजूत महिनाभरही टिकली नाही. ओट्याखालचे सगळे खण मावशींच्या हत्यारांनी भरलेत आणि करण बिचारा डब्याचं झाकण शोधायला गेला की हाताला आधी किसणी लागते.

"कोयता बोथट असला की दीस वाया जातो," मावशी म्हणतात. "फडात शिकले मी ह्ये. तवापास्नं हत्यार बघून घेते."

बघून घेणं म्हणजे काय ते इम्रानला विचारावं. कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं भांड्यांचं दुकान आहे. मावशी तिथे शिरतात त्या पिशवीत काकडी, गाजर आणि कांदा घेऊनच. इम्रानने त्यांच्यासाठी काउंटरखाली एक फडकं आणि पाण्याची बादलीच ठेवली आहे. दोरी ओढायचा चॉपर नवा आला तेव्हा मावशींनी त्यात कांदा घातला, जोरजोरात दोरी ओढली, झाकण उघडलं आणि आत बघून म्हणाल्या, "इम्रान, ह्यो कांदा चिरलाय का रडवलाय?" भांड्यात नुसतं पाणी सुटलं होतं. तो चॉपर त्यांनी घेतला नाही. दुकानात उभ्या असलेल्या आणखी दोघींनीही घेतला नाही. इम्रान हसला, पण मनात काय म्हणाला असेल ते त्यालाच ठाऊक.

त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. बोटं शाबूत राहतील का, धुताना फटीत काही अडकेल का, आणि पातं गेलं तर दुसरं इथे नगरात मिळेल का. तिन्हीला होय आलं तरच पाकीट उघडायचं. मी मात्र मोबाईलवर व्हिडिओ बघून वस्तू मागवते. गाजराची स्प्रिंग करून देणारं एक यंत्र मी असंच मागवलं होतं. मावशी अजून विचारतात, "ते स्प्रिंगचं गाजर खाल्लं का गं कोनी?" कोणीच नव्हतं खाल्लं. आमच्या घरी ते बघून सगळे हसले आणि वरणाला लागले.

आता इतकी हुशार, इतकी पुढारलेली बाई. पण अख्खा कोहळा समोर आला की हात जोडून उभी! बाईने अख्ख्या कोहळ्यावर पहिली सुरी मारायची नाही, पुरुषाने मारायची. एकदा फोडून दिला की मग बाईने त्याच्या हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. आपल्याकडे पुष्कळ घरांत ही रीत आहे, माझ्या सासरीही आहे. पण ज्या घरात उन्हाळाभर कोहळ्याचे सांडगेच घालायचे, तिथे ही रीत पाळायची म्हणजे रोज सकाळी पुरुष कुठून आणायचा? करण उजाडताच कंपनीच्या बसला पळतो. माझ्या नवऱ्याची झोप तेव्हा अर्धीही झालेली नसते.

"मावशी, सुरी कोणाच्या हातात आहे हे कोहळ्याला काय कळतं?" मी वैतागून म्हणायचे.

"कोहळ्याला न्हाई कळत. मला कळतंय ना," असं म्हणून त्या अंगणात जायच्या आणि वर तोंड करून हाक मारायच्या, "अवो छगनभाऊ!"

छगनभाऊ म्हणजे वरच्या मजल्यावरचे. एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी जामखेड डेपोला काढली. रिटायर झाल्यावर इथे मुलाकडे आले. त्यांची बायको सत्यशीला आणि छबूमावशी यांचं फार जमायचं. सत्यशीलाबाई गेल्या आणि या माणसाने बोलणंच सोडलं. मुलगा-सून कामावर गेले की हे बनियनवर गॅलरीत बसायचे. दाढी वाढलेली, खाली पार्किंगकडे बघत. येणारेजाणारे म्हणायचे, या चहाला, या जेवायला. ते मान हलवायचे आणि तिथेच बसायचे. मला तर पायऱ्या चढताना त्यांच्याकडे बघवायचं नाही.

मावशींनी त्यांना पहिली हाक मारली तो दिवस मला आठवतो. रविवार होता. करण आत झोपला होता, पण त्याला उठवायचं सोडून मावशी अंगणात जाऊन ओरडल्या, "छगनभाऊ, जरा खाली या. कोहळा फोडायचाय आन घरात गडीमानूस न्हाई." मी म्हणणार होते की करण आहे की, तेवढ्यात त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून पडला.

छगनभाऊ आले. तशाच बनियनवर. सुरी घेतली, कोहळ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, पहाटेच्या पहिल्या गाडीला स्टिअरिंगला लावत असतील तसा, आणि एका घावात कोहळा दुभंगला. मावशींनी पुढ्यात चहा ठेवला. काम केल्यावर आलेला चहा माणूस नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी ते शर्ट घालून आले. त्याच्या पुढच्या दिवशी दाढी करून. मग रोजच यायला लागले. कोहळा फोडला की खुर्चीवर बसून आम्हाला पेपर वाचून दाखवायचे, घाटात गाडी बंद पडल्याच्या गोष्टी सांगायचे, माझ्या किसण्याला नावं ठेवायचे. त्यांची सून मला एकदा जिन्यात म्हणाली, "बाबा आता सकाळी स्वतःच उठतात हो." तिचे डोळे भरून आले होते. त्या माणसाचा सगळा दिवस त्या एका घावावर उभा होता, हे बिल्डिंगमधल्या सगळ्यांना दिसत होतं.

यंदा पुण्याच्या एका दुकानाने सांडग्यांची मोठी ऑर्डर दिली. हाताने किसून किसून माझी बोटं सोलवटली. मावशी म्हणाल्या, चला, इम्रानकडं जाऊ. छगनभाऊही निघाले, कारण मावशींना दुकानात कोहळ्यावरच परीक्षा घ्यायची होती आणि एवढं धूड आम्हाला उचलणार नव्हतं. रिक्षात ते कोहळा मांडीवर घेऊन बसले. त्याच्या पांढऱ्या भुकटीने त्यांची इस्त्रीची पँट खराब झाली, तरी स्वारी खुशीत होती.

इम्रानने काउंटर रिकामं केलं. छगनभाऊंनी कोहळ्याची एक मोठी फोड कापून दिली आणि परीक्षा सुरू झाली. सरळ दांडीचं सोलाणं जाड सालीवर नुसतं घसरत होतं. आडव्या पात्याचं घेतलं. बिया काढायला मावशींनी काय निवडावं? आइस्क्रीम काढायचा गोल चमचा! "असल्या कामाला कोणी नेत नाही हा," इम्रान म्हणाला. मावशींनी एका झटक्यात गर आणि बिया बाहेर काढून दाखवल्या. किसायला हँडल फिरवायची, ओट्याला खालून रबराने घट्ट चिकटणारी किसणी पसंत पडली. तिची पाती सुटी होऊन धुता येत होती. विजेची किसणी त्यांनी परत केली. पाणी सुटलेला कोहळा आणि वीज यांची गाठ त्यांना नको होती.

मग इम्रानने कोपऱ्यातून एक लोखंडी यंत्र ओढून आणलं. खाली फळी, वर रुंद पातं, बाजूला लांब दांडा. कलिंगड, कोबी, फणस, काहीही ठेवा आणि दांडा खाली ओढा. त्याने आमचा उरलेला कोहळा ठेवला, दांडा ओढला आणि दोन भकलं झाली. मी टाळ्याच वाजवल्या.

"बघा मावशी, यात सुरी कोणी मारलीच नाही! रीतही मोडली नाही, आणि आता कोणाची वाट बघायला नको."

बोलून गेले आणि छगनभाऊंकडे लक्ष गेलं. ते स्टुलावर बसून दोन्ही भकलांकडे बघत होते. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्या गाजराच्या यंत्रात घातलं असतं तर बरं, असं वाटलं.

"न्हाई नेत ह्ये," त्या म्हणाल्या. "घरात जागा न्हाई."

"घ्या, छबूबाई," छगनभाऊ म्हणाले. "चांगलं हाय. आर्डर मोठी हाय तुमची. माज्यापायी कशाला खोळंबा? उद्या मी आजारी पडलो तर सगळं तसंच ऱ्हाईल." ते स्वतःच उठले, यंत्र उचललं आणि रिक्षात नेऊन ठेवलं.  घरी येताना मी दोनदा घाटातली गोष्ट काढली, पण त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी मावशींकडे जाताना वर बघितलं, तर बनियन घालून गॅलरीत, पार्किंगकडे तोंड.  आत मावशींनी नव्या यंत्राखाली कोहळा ठेवला होता आणि पदर खोचून त्याच्यापुढे उभ्या होत्या. मी गुपचूप दांड्याला हात घातला, तर त्यांनी हातावर चापट मारली.

त्या अंगणात गेल्या. "अवो छगनभाऊ! खाली या की!"

 वरून आवाज आला, "आता मशीन हाय की तुमच्याकडं."

"मशीन हाय, पन डायवर कुठंय?" मावशींचा आवाज फडात कमावलेला, तो शेजारच्या बिल्डिंगलाही गेला. "तुमची यष्टी डेपोत हुबी असायची, ती आपली आपन नगरला येत हुती व्हय? का मी चालवू? मोडलं तर इम्रानला तुमीच तोंड द्या!"

चार गॅलऱ्यांत लोक येऊन हसायला लागले. कोणीतरी वरून म्हणालं, "जा ओ छगनराव, प्याशिंजरं खोळंबल्यात." छगनभाऊ खुर्चीवरून उठले आणि आत गेले. आम्ही थांबलो. मावशी पदराचं टोक नुसतं पिळत होत्या. एवढी धीराची बाई मी अशी कधी बघितली नव्हती.

मग जिन्यात चपला वाजल्या. दाढी केलेली, आणि अंगात जुना खाकी शर्ट. पोटावर जरा ताणला होता, पण बटणं सगळी लागली होती. त्यांनी दांड्याला हात लावून कपाळाला लावला, मागे वळून आमच्याकडे बघितलं, "बसले का समदे?" म्हणाले आणि दांडा ओढला. त्या दिवशी त्यांनी एकट्याने सगळे कोहळे फोडले आणि चहा दोनदा मागून घेतला.

ते गेल्यावर किसणीचं हँडल फिरवता फिरवता मला एकदम सुचलं.

"मावशी, करणचे बाबा गेले तेव्हा करण रांगत होता ना? मग तिकडे गावाला कोहळा कोण फोडायचं?"

"मीच. दुसरं कोन हुतं?"

माझा हात थांबला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्हीच... आणि मग ही रीत?"

"रीत हाय की. माजी सासू पाळायची." त्यांनी गोल चमच्याने बिया काढून परातीत टाकल्या. "आगं, सत्यशीला गेल्यावर समद्यांनी बोलावलं त्यांना. चहाला या, जेवायला या. उतरले का? मी काम हाय म्हनलं, आन उतरले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तोंड मिट. आन कीस की लवकर, दुपारपातूर वाळवन घालायचंय."

मला रडू आलं आणि हसूही. मावशींनी रागावून, रडायला इथं कांदा कुठंय, असं विचारलं. त्यांना कामाच्या वेळी रडलेलं खपत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. मावशी न्हाणीघरात होत्या. यंत्राखाली कोहळा तयार होता, दांडा हाताशी होता. पहिल्या दिवसापासून मीच म्हणत आले होते की या रीतीत काही अर्थ नाही. मी अंगणात गेले, वर बघितलं आणि जमेल तेवढ्या मोठ्याने हाक मारली, "अहो छगनभाऊ, या लवकर! कोहळा थांबलाय."

"आलो गं पोरी," वरून उत्तर आलं. "शर्ट घालू दे."