सबीलचा कटोरा

परभणीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या संग्रहालयात चंद्रभान शिपाई होता. संग्रहालय म्हणजे काय, दोन खोल्या, सहा कपाटं आणि रोज न चुकता जमणारी धूळ. तलवारी, हुक्के, नाणी तो फडक्यानं झटकून मोकळा व्हायचा. तांब्याच्या एका कटोऱ्यापाशी मात्र रेंगाळायचा. कटोऱ्याच्या आत कुराणातली अरबी आयत कोरलेली. पुढ्यात चिठ्ठी: 'तांब्याचे पात्र, निजामकालीन'. बस्स.

चिठ्ठीत नव्हतं ते चंद्रभान पाहुण्यांना सांगायचा. मोहरमात त्याच्या गावी पंजे बसायचे त्या आशुरखान्यापुढं सबील लागायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी पाणपोई. तहानलेल्याला जात विचारायची नाही आणि एकाचं पिऊन झालं की दुसऱ्यासाठी कटोऱ्याचा काठ पुसायचा नाही, हा तिथला कायदा. आधी पिऊन गेला तोही आपलाच, मग पुसायचं कशाला? इतकं सांगून तो थांबायचा. विहिरीवर ज्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, त्यांतले आपण, आणि भांडं हातात दिलं ते फक्त या सबीलनं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत गाव सुटलं. कटोरा पुढं इथं भेटला.

शहाऐंशीच्या मोहरमाआधी त्याच गावाहून रहेमतबी आल्या. नवरा वारल्यावर, सबील लावणाऱ्या सासऱ्यांचा हा कटोरा त्यांनीच संस्थेला दिला होता. काचेतून पाहून त्या संग्रहालयप्रमुख किशनरावांना सरळ म्हणाल्या, "वापस द्या. कुलपात ठिवायला दिला न्हवता म्या."

किशनराव वहीला पक्के आणि वादाला कच्चे. संग्रहालयातला माठ चंद्रभान भरायचा, पण प्यायचं पाणी ते घरून तांब्यात आणायचे. का, ते कुणी विचारत नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. "न्या," म्हणत त्यांनी नोंदवही उघडली.

चंद्रभान पुढं आला. साहेबापुढं बोलायची त्याची रीत नव्हती, तरी बोलला.

"चाची, थांबा. ह्याच कटोऱ्यातनं मी पाणी प्यालोय. ओंजळीनं न्हाई, हातात धरून. तेच लोकायला सांगायलोय इथं. तुमी नेला तर मी काय दावू?"

"पर ह्यातनं आता पितं कोण?" रहेमतबींनी विचारलं.

चंद्रभान कपाटाकडं वळला. त्यानं कुलूप काढलं, कटोरा धुऊन माठातल्या पाण्यानं भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

"आधी तू," त्या म्हणाल्या.

तो दोन घोट प्याला. मग त्या प्याल्या, आणि उरलेलं पाणी त्यांनी किशनरावांपुढं धरलं.

किशनरावांचा हात सवयीनं खिशातल्या रुमालाकडं गेला. तिथंच थबकला. त्यांनी कटोरा घेतला आणि काठ न पुसता पाणी संपवलं.

"ऱ्हाऊ द्या मग हितंच," रहेमतबी म्हणाल्या. "दर मोहरमात येईन. चंद्रभान, भरून ठिव."

दुसऱ्या दिवशी किशनरावांचा तांब्या घरून आलाच. टेबलावर झाकलेला तसाच राहिला. दुपारी त्यांनी हाक मारली, "चंद्रभान, माठातलं पाणी दे."