बुजवलेली कवाडी

बांगड्याचं तिखलं आणि भात जरा जास्तच झालाय. पडवीतल्या आरामखुर्चीत भाई पिलणकरांचे डोळे मिटतायत, पुन्हा किलकिले होतायत. समोरच्या पायरीवर मोरू मयेकर कधी येऊन बसला ते त्यांना कळतच नाही. शेजारचा मोरू. त्याला जाऊन वर्ष झालं हे भाईंना ठाऊक आहे, पण आता ते बोलून दाखवणं बरं दिसणार नाही.

"घोटभर पाणी देतोस काय, भाई?"

भाईंना मेल्याहून मेल्यासारखं होतं. विहीर खारट झाल्यापासून घरात पाणी विकतचं. "कॅनमधलं आहे," ते पुटपुटतात.

"नको. विहिरीतलंच काढू."

पडवी आहे तिथेच विहिरीचा काठ आहे. लहानपणीचा रहाट कुरकुरतो, दोघं मिळून दोर ओढतात. खाली डोकावलं तर तळाशी किनारा, आणि लाटा सुरूच्या बनातून आत येतायत.

"तुझ्या पंपानं नासवलीन ही," भाई सवयीनं बोलून जातात.

"पंप बंद पडला तो मी जायच्या आधीच. मग पाणी गोड झालं काय?"

विहीर नासली तेव्हा भाईंनी सगळं खापर मोरूच्या पंपावर फोडलं होतं. स्वतःच्या अंगणातला पंप मात्र त्यांना कधी दिसला नाही. आपला तो बाब्या! मग दोन घरांमधला गडगा पुरुषभर उंच केला, आणि ज्या कवाडीतून पोरं आणि कालवणाच्या वाट्या ये-जा करत, ती चिरे रचून बुजवली. समुद्राचा अभ्यास करणारी त्यांची लेक शुभा समजावून थकली. बाबा, हवा तापतेय, दर्या चढतोय, जमिनीखालून आत शिरतोय, आणि सगळ्यांचेच पंप त्याला वाट करून देतायत, आपलाही. भाई म्हणाले, पुरावा दाखव. तिनं दाखवला. तर म्हणाले, आकडे काय, कोणीही लिहितो. मोरू गेला तेव्हा ते खांदा द्यायलाही गेले नाहीत.

"शुभानं सांगितलंन ते तुला पटलं नव्हतं?" मोरू विचारतो.

"पटलं होतं रे." हे भाईंच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडतंय. "पण दर्याशी भांडायचं कसं? तू कसा, हाकेच्या अंतरावर होतास. आणि तिचं खरं मानलं असतं, तर तुझ्या दारात यावं लागलं असतं."

"मग यायचंस."

"कुठल्या तोंडानं?"

मोरू दोर ओढत राहतो. त्याचा आवाज आता गडग्यापलीकडून येतोय. "मी कवाडीपाशी खुर्ची टाकून बसायचो, रोज संध्याकाळचा. म्हटलं, एखादा चिरा तरी हलेल."

दोर हातातून निसटतो. बादली खाली जात राहते, पाण्याचा आवाज काही येत नाही.

भाई जागे होतात तेव्हा उन्हं कललीयत. आत बायको चहा ठेवतेय. गेलो असतो तर, असं त्यांच्या मनात येतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ते स्वतःला समजावतात. पण पुरावा मागायची खोड काही जात नाही. ते अनवाणीच गडग्याशी जातात आणि बुजवलेल्या कवाडीतला एक चिरा दोन्ही हातांनी ओढतात. वाटला होता तेवढा तो घट्ट बसलेला नाही.

पलीकडे गवतात प्लास्टिकची एक खुर्ची आहे, उन्हानं पांढरी पडलेली. तिचे पाय मातीत रुतलेत, आणि ती भाईंच्या घराकडे तोंड करून आहे.