तेराव्या बटणाचा मालक

तेरानाना हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बटणांच्या दुकानात गिऱ्हाइकाने डझन मागितलं की नाना बारा मोजायचा आणि वर एक टाकून म्हणायचा, “तेरा!” शिंपिणी खूश, नाना खूश. गल्ल्यावर बसलेला थोरला भाऊ, अण्णा, तेवढा दातओठ खायचा.

या तेराचं मूळ शाळेत होतं. मास्तर गुरू नानकांची गोष्ट सांगत होते. तरुणपणी म्हणे ते कोठारात धान्य मापून द्यायचे. मापता मापता तेरावर आले आणि ‘तेरा, तेरा’ म्हणत, भान हरपून देतच राहिले. तपासणी झाली, तर दाणाही कमी नाही! मास्तर अर्थ सांगणार तेवढ्यात घंटा झाली. नानाने घरी एवढंच आणलं, की थोर माणसं तेरा देतात. पुढे जन्मभर हिंदी गाणी गुणगुणला, पण गाण्यातला तेरा आणि मोजणीतला तेरा यांची गाठ त्याच्या डोक्यात पडली नाही ती नाहीच.

शेवटी अण्णाचा पारा चढला. “हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतोस! दुकान निम्मं निम्मं करू. तुझ्या निम्म्यात तेरा दे, नाहीतर तेराशे!” मधे फळ्यांची भिंत घालायला त्याने सुतारही बोलावला. नानाला दुकानाचं काही नव्हतं. पण ज्याच्या कोपराला कोपर लावून जन्म काढला तो आता भिंतीपलीकडे शिंकणार, या विचाराने त्याला घास जाईना.

सुतार शीख होता. फळ्या टेकवताना त्याने नानाचं ‘तेरा’ ऐकलं आणि कारण विचारलं. नानाने मास्तरांची गोष्ट सांगितली, तसा तो फळ्यांवरच बसून हसत सुटला.

“अहो नाना, आमच्या बोलीत तेरा म्हणजे ‘तुझं’! आकडा तोंडी आला आणि गुरूंना देव आठवला. देवा, सगळं तुझंच, असं म्हणत होते ते.”

नाना ओशाळला. म्हणजे एक बटण वर टाकून आपण उगाच दानशूर झालो होतो. बाकीची बारा तरी आपली कुठे होती?

तेवढ्यात अण्णाने वाटणीला पहिला खण ओढला. “शिंपल्याची बटणं. कोणाची?”

“तुझी.”

“पितळेची?”

“तुझी.”

“लाकडी?”

“तीही तुझी.”

“अरे गाढवा, ते देवाला म्हणायचं असतं!”

“देव मला कुठे दिसतोय? समोर तू आहेस,” नाना म्हणाला.

अण्णाने खण परत जागेवर सरकवला. मग सुतारावर खेकसला, “बघताय काय? भिंत नको. या फळ्यांची एक मांडणी करा, दोघांच्या मागे मावेल अशी.”

“किती खणांची?” सुताराने विचारलं.

अण्णाने बाहीला नाक पुसलं.

“तेरा,” तो नानाकडे बघत म्हणाला.