भाऊजींनी दुकानात दाखवलेला कागद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच. आणि आता सांगतेय, तेही मान खाली घालून नव्हे. तुम्हाला जे म्हणायचं ते खुशाल म्हणा.

मी अकोल्यात, जुन्या शहरातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माझी थोरली बहीण सुषमाताई चांदूर रेल्वेला असते. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेत. पाच वर्षांपूर्वी ताईच्या मनात आलं की आपणही थोडं क्रिप्टो, म्हणजे ते ऑनलाइन चलन, घेऊन ठेवावं. आईनं दिलेली सोन्याची पोत तिनं मोडली. घेऊन दिलं मी, दोघींच्याही मोबाइलवर दिसणाऱ्या वॉलेटमध्ये ठेवलंही मीच. त्या वॉलेटची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते ज्याच्या हाती लागले, त्याचं सगळं. दोन कागदांवर मी ते लिहिले — एक माझ्या पर्समध्ये, एक ताईच्या कपाटात. कुणी कितीही मागितले तरी द्यायचे नाहीत, असं मी दोघांना बजावलं. मी!

मग एका दुपारी ताईचा फोन आला. "अवं उज्वला, वॉलेटमधी तं काहीच दिसून नाही राहिलं. तू काही केलं काय?"

"नाही," मी म्हणाले.

मग फोन भाऊजींनी घेतला. त्यांचा आवाज मला ओळखूच आला नाही. "माह्यामुळंच झालं असन. मी तो कागद मोबाइलच्या दुकानात दाखोला होता. म्हटलं, सुषमानं पोत मोडून घेतलं तरी काय, ते समजून घ्याव. तुले विचाराची लाज वाटली."

तेव्हा मी काय केलं असेल? गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही. मी त्यांच्यावर चिडले. "काहून दाखोला तुमी, भाऊजी? येवढं सांगूनही?" — बाई वर्गात पोरांना झापते ना, तशी.

ताई त्यांच्याशी कितीतरी दिवस नीट बोलली नाही. त्या दुकानाची पायरी भाऊजी पुन्हा चढले नाहीत. दुकानदाराला बिचाऱ्याला कारणही कळलं नसेल. आणि पुढे कुणा भामट्यानं त्यांना गाठलं. गेलेलं क्रिप्टो परत आणून देतो, आधी फी भरा, म्हणाला. भाऊजींनी स्कूटर विकली आणि भरली. घरात चकार शब्द काढला नाही. बायकोची पोत परत आणायची होती ना त्यांना! तो माणूस अर्थातच गायब झाला, तेव्हा कुठे सगळं बाहेर आलं. ही दुसरी फसवणूक त्यांच्यावर कुणामुळे आली? मला एक फोन करून विचारायचीही सोय मी त्यांना ठेवली नव्हती.

एवढ्यावर थांबले असते तरी... पण नाही थांबले. गेल्या वर्षी चांदूरच्या महिला बचत गटानं मला ऑनलाइन फसवणुकीवर बोलायला बोलावलं. माईक हातात आला आणि मी उदाहरण दिलं. "एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी गुपित शब्दांचा कागद दुकानात दाखवला..." नाव घेतलं नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता. स्कूटर विकल्याचंही सांगितलं. चांदूर केवढंसं! बायका माना वळवून मागं बघायला लागल्या. मागच्या खुर्चीवर, मला ऐकायला आलेले भाऊजी बसले होते.

ते उठले. पळून जातील असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू — जावेत असंही वाटलं.

"थो माणूस मीच आहो," ते म्हणाले. "लाजू नका, बायाहो. कोणासंग असं झालं असन तं सांगा. मी सांगतलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा फसलो."

पुढच्या रांगेतली एक बाई उठली, तिनं आपलं सांगितलं. मग आणखी एक. मी माईक धरून उभी. त्या सभेत खरं सांगायची हिंमत नसलेली एकटीच बाई, आणि ती व्याख्यान देत होती.

आता ऐका, खरं काय झालं ते. ताईचा फोन आला त्याच दिवशी सकाळी, मधल्या सुट्टीत मला मेसेज आला होता. वॉलेटच्या कंपनीचं नाव, तेच चिन्ह. आजच पडताळणी करा, नाहीतर वॉलेट गोठवलं जाईल. मी घाबरले. लिंक उघडली, बारा रिकामे चौकोन दिसले. पर्समधला कागद काढून मी एकेक शब्द भरला. दहाव्याचं स्पेलिंग चुकलं, तेही नीट दुरुस्त केलं. बटण दाबलं. डबा खाऊन होईपर्यंत वॉलेट रिकामं. मी मेसेज पुसून टाकला आणि सातवीच्या तासाला गेले.

फसले, याची मला लाज वाटत नाही. स्पष्ट सांगते. 'शिकलेली बाई, कॉम्प्युटर शिकवते, अन् फसली?' — हो, फसली! घाबरवलं की कुणाचाही हात घसरतो. हसणाऱ्यांनी हसावं. ज्यांना हसतात तीच माणसं गप्प बसतात, आणि भामट्यांना तेच हवं असतं. पण ताईला 'नाही' म्हणाले, तेव्हा मला कुणी घाबरवलं होतं? कुणीच नाही. ते मी शांत डोक्यानं केलं. भाऊजींना झापलं तेही. माईकवरून तर दोनशे बायकांसमोर.

येत्या रविवारी चांदूरला जाऊन हे दोघांना मी स्वतः वाचून दाखवणार आहे. मग बचत गटात, त्याच माईकवरून. भाऊजींच्या कागदामुळे काहीही गेलं नाही. ते शब्द चोराच्या हाती मी दिले, आणि चार वर्षं त्यांना गुन्हेगार म्हणून जगू दिलं तेही मीच.