रुळावरचा हेंडगा

लाल दिवा जवळ नसेल तर हाताला लागेल तो दिवा, लागेल तो जाळ जोरजोरात हलवावा. तो पाहून ड्रायव्हरनं गाडी थांबवलीच पाहिजे. हा रेल्वेचा कायदा आम्हा गँगमन लोकांकडून घोकून घेतला होता. ज्यानं तो केला तो शहाणा आमच्या मुलखात येळवसच्या दिवशी कधी फिरकला नसणार.

येळवस म्हणजे आमच्या बिदर-उदगीरकडची वेळ अमावस्या. थंडीत ज्वारी कमरेच्या वर गेलेली असते. गावं ओस पडतात, माणसं शिवारात जातात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करून पूजा करायची, सगळ्या भाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे खायचे, वर तांब्या-तांब्या अंबिल प्यायची आणि दिवस बुडाला की कडब्याच्या पेंढ्या पेटवून पिकाभोवती पळायचं. त्या पेटत्या पेंढीला आम्ही हेंडगा म्हणतो. त्या सांजेला नजर जाईल तिथं जाळ नाचत असतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आम्ही मूळचे चिटगुप्प्याकडचे. अक्काला लाईनीकाठच्या एका गावात दिली होती आणि तिच्या मागोमाग मीही त्या लाईनीवर गँगमन म्हणून चिकटलो. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, इंजिनावर फायरमन होते. मी त्यांना कोळशाचे नवाब म्हणायचो, ते मला खडीफोड्या म्हणायचे. दाजी दिसायला आडदांड, पण येळवस आली की लहान पोरासारखे व्हायचे. सणाला ड्यूटी लागलीच तर आपल्या शेताजवळून जाताना ड्रायव्हरला लांबलचक शिट्टी मारायला लावायचे. त्या शिट्टीला कोपीतनं सगळे हात हलवायचे.

त्या वर्षी त्यांनी रजा मागितली. दिली नाही. अमावस्येची कसली रजा, म्हणून वरचे हसले. ईद, दसरा, नाताळ त्यांना ठाऊक. आमचा सण त्यांच्या गावीच नव्हता. दाजी सकाळी मालगाडी घेऊन उदगीरकडे गेले. परतताना दिवस बुडेल, भज्जी राखून ठेवा, एवढं सांगून गेले.

मला मुकादमानं दुपारनंतर मोकळं सोडलं होतं. अक्काच्या शेतात पोटभर जेवलो, तिच्या सासऱ्यांशी गप्पा हाणल्या आणि तिन्हीसांजेला रुळानंच गँगच्या चाळीकडे निघालो. शेताच्या जरा पुढं लाईन वळते आणि भरावही तिथंच उंच आहे. त्या वळणावर बाहेरचा रूळ थंडीनं चिरलेला होता. वीतभर तुकडा निसटून खडीत पडला होता. मी वाकून हात लावून पाहिला. आजही हाताला तो गारठा आठवतो.

मागं वळून पाहिलं तर उदगीरच्या बाजूला धूर दिसत होता. त्या इंजिनावर दाजी होते.

माझ्याजवळ काही नव्हतं. आमच्या गँगच्या हातदिव्याची लाल काच दसऱ्यापासून फुटलेली, मुकादमानं इन्स्पेक्टरला सांगून सांगून तोंड दुखवून घेतलेलं, आणि तो फुटका दिवाही लांब चाळीत. मी धूम पळत शेताकडे आलो, अक्काच्या दिराच्या हातातला हेंडगा हिसकला, रूळ तुटलाय म्हणून ओरडलो आणि तसाच रुळावर चढलो.

आमची माणसं काही अडाणी नव्हती. एका हाकेत समजली. शेजारच्या शेतांतलेही आपापले हेंडगे घेऊन धावत आले. अक्का कासोटा खोचून पेटती पेंढी घेऊन माझ्या बाजूला उभी राहिली. जितका जाळ जास्त तितकं लवकर दिसेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. आम्ही उड्या मारल्या, घसा फोडून ओरडलो. पण इंजिनाच्या धडधडीत माणसाचा आवाज कुठला ऐकू येतोय?

गाडीनं लांबलचक शिट्टी मारली. दरवर्षीसारखी.

फायरमनच्या बाजूनं एक हात बाहेर आला आणि आम्हाला हलवून दाखवला. आम्ही रुळावरून बाजूला उड्या टाकल्या आणि इंजिन आमच्या जाळामधून पुढं निघून गेलं. वळणावर ते भरावाखाली गेलं. दाजी कोळशाच्या टेंडरखाली सापडले. अक्काच्या हातातली पेंढी तेव्हाही जळत होती, दिरानं ती तिच्या मुठीतनं ओढून काढली.

पुढं चौकशी झाली. मोठे साहेब आले, खुर्च्या मांडल्या, चहा प्याले. मला विचारलं, लाल दिवा का दाखवला नाहीस? म्हणालो, मी ड्यूटीवर नव्हतो. मग ड्यूटीवर नव्हतास तर जाळ दाखवायला तुला कुणी सांगितलं होतं? काच कामून बदलली नाही हे इन्स्पेक्टरला कुणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! फाशी म्हणजे नोकरी नाही गेली. पण भर खोलीत मला असं झापलं, जणू रूळ मीच तोडला होता. शेवटी लाईनीजवळ जाळ करायचा नाही, अशी गावागावांतून दवंडी पिटली. महिन्याभरात प्रत्येक गँगला नवा दिवा आला, नवी कोरी लाल काच. वरातीमागून घोडं. तो दिवा हातात घेताना मला तो आणणाऱ्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

ड्रायव्हर वाचला होता. हैदराबादकडचा, आमच्या लाईनीवर नवा, भला माणूस. चौकशीनंतर तो हात गळ्यात बांधून बाहेर लिंबाखाली बसला होता. मला बघून त्यानं जवळ बोलावलं. खालच्या आवाजात म्हणाला, “इत्ती आग देखको मैं ब्रेककू हात लगायाच था, मियां. उनो बोले, नक्को, येळवस है. फिर तुमकू देखे. बोले, वो देखो मेरा साला, कैसा नाचरा. सीटी बजाव बोले.”

हे मी घरी कुणाला बोललो नाही. उन्हाळा लागता लागता एकदा ओसरीवर ज्वारी पाखडता पाखडता अक्काचं सूप थांबलं.

“त्यांला तू दिसला व्हतास का रे?”

“न्हाई, अक्का,” मी म्हणालो. “अंधार व्हता.”