मधल्या बोटाची जागा

भोगीला तीळ भाजल्याचा वास आला की मी मनानं लहानपणीच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या चुलीपाशी जाऊन बसते. आठवते ती एकच भोगी; काकी वारून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिचं मधलं बोट उसाच्या चरकात गेलेलं, त्यामुळं तिनं तीळ दाबलेल्या भाकरीवर तीनच बोटं उठायची.

त्या सकाळी आई एकटीच थापत होती. तव्यावरच्या एका भाकरीवर तीन बोटं दिसली, मधे रिकामी जागा. आई थबकली.

"ही भावजींची हाय," एवढंच म्हणाली.

काकांनी मान खाली घालून ती खाल्ली.

आईनंच दिराच्या समाधानासाठी बोट दुमडलं असणार, असं मी कायम धरून चालले. आज तीळ लावताना मीही दुमडून बघितलं. दरवेळी दुमडलेल्या पेराचा खळगा उठतोय.

त्या भाकरीवर तो नव्हता.