सम्राटांचा चापडा

माझ्या धाकट्या दिरांना सगळी गल्ली 'सम्राट' म्हणते. पदवी त्यांची त्यांनीच घेतली. एकदा ओढ्यात एका विरोळ्याने त्यांचं बोट धरलं. विरोळा हा पाण्यातला बिनविषारी साप. त्याच्या चाव्याने कोणी मेलाच तर भीतीने मरेल. पण भावोजी सलाईन लावून पडले, भेटायला येईल त्याला मृत्यूच्या दाढेतून परत आल्याचं सांगत राहिले आणि घरी आले ते सर्पतज्ज्ञ होऊनच. लगेच खिशाखिशांचा बिनबाह्यांचा कोट आला, पाठीवर 'सर्पसम्राट' शिवून झालं. खिशांत काय, तर दात कोरायच्या काड्या.

त्याआधी मोबाइलदुरुस्ती झाली होती, घरांची दलाली झाली होती, व्यायामशाळाही झाली होती. प्रत्येकाचा उद्घाटनाचा फोटो मात्र झकास आला.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढा दिसतो आणि ओढ्याकाठचं बांबूचं बेट. त्यात चापडे असत. चापडा म्हणजे हिरवा, त्रिकोणी डोक्याचा विषारी साप. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधे त्याला एक खळगा असतो. त्या खळग्यामुळे उंदराच्या अंगाची ऊब त्याला काळोखातही कळते. म्हणून त्याला धावाधाव करावी लागत नाही. फांदीला शेपटीचा विळखा घालून तो बेडूक-उंदीर आपल्या पायांनी येईपर्यंत बसून राहतो. भाजी चिरताना मी एका जाडजूड मादीला बघायची. भांडी घासून झाली तरी ती तिथेच, दुसऱ्या दिवशीही तिथेच. इतकं शांत बसणारं आमच्या घरात कोणी नाही.

हे बसणं सम्राटांच्या चांगलंच पथ्यावर पडलं. ओढ्यापलीकडच्या रिसॉर्टमधून हौशी फोटोवाले यायचे. त्यांना साप हवा, पण देखण्या फांदीवर हवा, आणि मागे ऊन हवं. सम्राट तिला आकड्याने उचलून फुलांच्या फांदीवर ठेवायचे. उजेडाच्या आड येणारे बांबू कोयत्याने साफ करायचे. अर्धं बेट असं उजेडापायी गेलं. उरलेल्यातलं बरंचसं रिसॉर्टच्या मालकाने गाड्या लावायला काढलं.

एका दुपारी लिंबं काढायला मी फ्रिज उघडला, तर माझ्या झाकणाच्या डब्यात ती.

"भावोजी! हे काय?"

"ओरडू नका वहिनी, दचकेल ती. गारठली की सुस्त होते, फोटोला बरं पडतं. सगळे तज्ज्ञ असंच करतात."

"मग तज्ज्ञांच्या फ्रिजमध्ये ठेवा."

"तुम्हाला नाही कळायचं. शास्त्र आहे यामागे."

"शास्त्र असेल, डबा माझा आहे."

सासूबाई मधे पडल्या. "अगं, राहू दे ना. नोकरीचं जमतंय त्याचं." ते खरं होतं. रिसॉर्टला कायमचा वाटाड्या हवा होता. येणाऱ्या फोटोवाल्यांच्या गटाला चापडा नीट दाखवला तर जागा सम्राटांची, असं मालकाने सांगितलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरगं कुठे चिकटतंय म्हणून सासूबाई हरखल्या होत्या. मी डबा बाहेर काढायला लावला. पण घरात एक फ्रिज आणि सम्राटांच्या बाजूने त्यांची आई, तिथे माझं किती चालणार?

गट ठरल्यापेक्षा लवकर आला. सम्राटांची तारांबळ उडाली. लवकर गार व्हावी म्हणून त्यांनी डबा सरळ बर्फाच्या कप्प्यात सारला आणि पाहुण्यांना विरोळ्याची गोष्ट सांगायला गेले. ती गोष्ट आखूड होणं शक्यच नव्हतं.

परत येऊन डबा उघडला तेव्हा तोंडावरचा रंग गेला. चापड्याच्या नव्हे, सम्राटांच्या.

"वहिनी, हिरवा दोरा आहे का?"

"कशाला?"

"ती जरा... सैल पडलीये."

"मेलीये ती, भावोजी."

"हळू! ऐकतील ना. तशीही ती कुठे हलते?"

मी दोरा दिला नाही. त्यांनी शिवणाचा डबा स्वतःच उपसला.

सासूबाईंनी चहाची किटली हातात देऊन मला मागे ओढ्याकाठी पिटाळलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. फुलांच्या फांदीवर ती नीट वेटोळं करून बांधलेली. समोर मोठाल्या भिंगांची माणसं गुडघ्यांवर, पोटावर.

"काय संयम आहे हो!"

"बघा, नजर कशी रोखलीये. शिकारीची!"

"माझा आवाज ओळखते," सम्राट म्हणाले.

सापाला पापण्याच नसतात, मेला तरी तो डोळे मिटत नाही, हे नाकाने कांदे सोलणाऱ्या त्या मंडळींपैकी एकालाही आठवलं नाही. एक मुंगी तिच्या डोळ्यावरून चालत गेली. माझ्या शेजारच्या पिकल्या केसांच्या बाईंनी कॅमेरा खाली घेतला, पुढे झाल्या आणि चष्मा वर करून वाकल्या.

"अहो सम्राट," त्या म्हणाल्या, "ही गाठ कुणी मारली?"

सम्राटांनी एका खिशाची चेन उघडली, मग लावली.

"आधाराला," शेवटी ते म्हणाले. "वारा असतो ना."

बाई चहा न घेताच गेल्या. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कॅमेऱ्यांत डोकावलं, आणि 'फोटो मात्र सुंदर आलेत' यावर त्यांचं एकमत झालं. मी मालकाला गाठलं. "तुम्हाला कळतंय ना काय झालं ते?"

"कळतंय हो," तो म्हणाला. "पण पाहुणे खूश आहेत. माणूस वेळ मारून नेतो, मला असाच हवा."

जागा मिळाली. सासूबाई रडल्या, सम्राटांनी रिसॉर्टचा नवा कोट घातला. आता ते पाहुण्यांना चापड्यांवरच्या संकटांबद्दल गहिवरून सांगतात: लोक जंगल तोडतात, रस्ते करतात, दिसला की ठेचतात. मात्र दाखवायला चापडा नाही, म्हणून मालक रोज टोचत असतो.

परवा सम्राट स्वयंपाकघरात आले. "वहिनी, तुम्ही दिवसभर खिडकीशी असता. एखादा दिसला तर सांगाल ना? नोकरीचा प्रश्न आहे."

"सांगेन की," म्हटलं.

दिसला आहे. बारकासाच आहे, पण चापडाच. सम्राट रोज सकाळी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे राहून दात घासतात, चूळ भरतात आणि फोनवर सापांविषयी मार्गदर्शन करतात. कुठे, ते इथे लिहीत नाही. सम्राट काही वाचत नाहीत, पण मालक वाचतो.